पाचक औषधांतील अदृश्य ग्लुटेन

सिलिअ‍ॅक विकारात गहू, सातू यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तरास इजा होते. ग्लुटेन आजन्म वर्ज्य करणे हाच उपाय होय. मात्र पोळी सोडलेला रुग्ण अपचनासाठी हिंगाष्टक चूर्ण घेतो, तेव्हा गहू पुन्हा पोटात जाऊ शकतो. शुद्ध हिंग अत्यंत उग्र. म्हणून बाजारातील हिंगात डिंक व पीठ, पुष्कळदा गव्हाचेच, मिसळतात. चूर्णाच्या वेष्टनावर मात्र नुसते ‘हिंग’ छापलेले असू शकते. गोळीतील बंधक स्टार्च मक्याचा की गव्हाचा, हेही अनेकदा उमगत नाही. ‘ग्लुटेनमुक्त’ खाद्यपदार्थांत किलोमागे कमाल २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. परंतु औषधे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याबाहेर, १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात. तेव्हा स्टार्चच्या स्रोताची विचारणा उत्पादकाकडेच करावी लागते.