पाच खाती आणि एक बिनतारी

म्हैसूर शहरातील सरस्वतीपुरम या वस्तीत अग्निशामक दलाचे एक ठाणे आहे. तेथून सुमारे २५ किलोमीटरवर कपिला नदीच्या काठी नंजनगूड वसले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कबिनी धरणातून सोडलेल्या पाण्याने कपिलेस मोठा पूर आला आणि म्हैसूर-नंजनगूड रस्ता पाण्याखाली गेला. अशा प्रसंगी कोणाकोणास एकमेकांशी बोलावे लागते, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. धरणाचे दरवाजे पाटबंधारे निगमाच्या हाती. रस्त्यावरील बंदोबस्त पोलिसांचा. होड्या व दोर अग्निशामक दलाचे, रुग्णवाहिका आरोग्य खात्याच्या, आणि बुडणाऱ्या तारांतील वीज तोडणे हे चामुंडेश्वरी वीजपुरवठा निगमाचे काम. नदी एक, पण तिच्याशी झुंजणारी खाती पाच! दरवाजे आणखी किती उघडणार आहेत, हे होडीतील जवानास आधी कळले तर तो माघारी फिरेल. न कळले तर काय होईल, हे सांगावयास नको.

येथे कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या खिशात आज दूरध्वनी आहे. तो आहे खरा; परंतु संकटात प्रथम तोच मुका होतो. लक्षावधी लोक एकाच वेळी आप्तांची चौकशी करू लागतात, मनोऱ्यांची वीज जाते, बॅटऱ्या संपतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी असंख्य मुंबईकरांनी हा अनुभव घेतला. म्हणून पोलीस व अग्निशामक दले स्वतःची बिनतारी यंत्रणा बाळगतात. जवानाच्या हातातील संचाची शक्ती थोडीच असते. त्याचा संदेश टेकडीवरील किंवा उंच इमारतीवरील पुनःप्रक्षेपक ग्रहण करतो आणि अधिक शक्तीने पुन्हा सर्वत्र सोडतो.

अडचण निराळीच आहे. बिनतारी संच ज्या कंप्रतेवर जुळविलेला असतो, तेवढेच ऐकतो. एका खात्याचा संच १५० मेगाहर्ट्झच्या आसपास आणि दुसऱ्याचा ४०० च्या पुढे असेल, तर दोन जवान खांद्याला खांदा लावून उभे असले तरी त्यांच्या संचांस एकमेकांचा पत्ता नसतो. कंप्रता एक असूनही भागत नाही, कारण आजचे संच आवाजाचे अंकांत रूपांतर करतात आणि त्या अंकांची भाषा निरनिराळी असते. युरोपात उदयास आलेली ‘टेट्रा’ आणि अमेरिकेतील ‘पी-२५’ या दोन पद्धती परस्परांस अगदी अनोळखी आहेत. एका खात्याचे यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशी बोलू शकणे, या गुणास इंग्रजीत लांबलचक शब्द आहे. मराठीत त्यासाठी पुष्कळ जोडाक्षरांची रचना करता येईल. परंतु ‘मेळ’ हा घरगुती शब्द मला पुरेसा वाटतो.

मेळ नसल्याची किंमत ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये दिसली. दक्षिण मनोरा कोसळल्यावर उत्तर मनोऱ्याचीही धडगत नाही, हे पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसत होते व त्यांनी ते आपल्या बिनतारीवर कळविलेही. परंतु ती वाणी पोलिसांची होती. अग्निशामक दलाचे संच ती ऐकत नव्हते. त्या दिवशी दलाचे ३४३ लोक मरण पावले. या सर्वांच्या मृत्यूस हे एकच कारण होते असे नव्हे; दलाचे स्वतःचे संचही त्या उंच इमारतींत नीट चालत नव्हते.

यावरचा उपाय म्हणजे सर्व खात्यांनी मिळून एकच यंत्रणा उभारणे. येथे पैशाच्या काटकसरीपेक्षाही एक सुंदर गणिती लाभ आहे. डेन्मार्कचे गणिती एर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दूरध्वनीच्या तारांसंबंधी तो प्रथम मांडला. समजा, पाच खात्यांकडे प्रत्येकी एक संवादमार्ग आहे आणि शंभरांत दोनपेक्षा अधिक हाका ‘मार्ग व्यग्र’ म्हणून परत जाऊ नयेत अशी अट आहे. त्या हिशेबाने पाचही मार्गांवर मिळून तासाला जेमतेम ६ मिनिटांचे बोलणे पेलते. तेच पाच मार्ग एकत्र करून, जो मोकळा असेल तो मागणाऱ्यास द्यावा, अशी व्यवस्था केली, तर सुमारे ९९ मिनिटांचे बोलणे पेलते! मार्ग तेवढेच, केवळ भिंती काढल्या. बँकेत प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग लावण्याऐवजी सर्वांची एकच रांग लावली म्हणजे जे होते, तेच येथे होते. हे वाटप यंत्र स्वतःच क्षणार्धात करते. या रचनेस ट्रंक पद्धती म्हणतात. प्रत्येक खात्याचा गट अलग राहतो, नेहमीचे बोलणे इतरांच्या कानी पडत नाही, आणि पूर आला की सर्वांचा संयुक्त गट बांधता येतो. मात्र त्या वेळी सगळेच बोलू पाहतात. म्हणून कोणाच्या हाकेस अग्रक्रम, हे आधीच ठरवून यंत्रास शिकवावे लागते.

ब्रिटन, फिनलंड व नॉर्वे यांनी अशा राष्ट्रव्यापी सामाईक यंत्रणा उभारल्या. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशव्यापी एकात्मिक यंत्रणेची शिफारस केली. शहराच्या पातळीवर मात्र प्रश्न उरतो: ही खरेदी कोणी करावी? कर्नाटकात पोलीस व अग्निशामक दल ही दोन्ही राज्य शासनाची खाती आहेत, म्हणजे निदान तिजोरी एक. महाराष्ट्रात पोलीस राज्याचे आणि शहरांची अग्निशामक दले नगरपालिका व महानगरपालिकांची. शेजारच्या दोन शहरांनी आपापल्या निविदा काढल्या आणि आपापले संच घेतले, म्हणजे मोठ्या आगीत एकमेकांच्या मदतीस धावलेले दोन बंब हातवारे करून बोलणार! २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण निर्माण केले आहे. या सर्वांना एका मेजाभोवती बसविण्यास तेच योग्य स्थान दिसते.

ज्या गावी १९३५ साली प्राध्यापक गोपालस्वामी यांनी स्वतःच्या घरातून ३० वॅटच्या प्रक्षेपकावर ‘आकाशवाणी’ सुरू केली, त्या म्हैसुरास हा विषय परका वाटू नये. त्या मेजावर प्रक्षेपकांपेक्षा क्षुल्लक गोष्टींवरच अधिक वेळ जाईल, हे उघड आहे. बॅटऱ्या व त्या भारणारी यंत्रे सर्वांची एकसारखी असावीत काय? पोलिसांचे सांकेतिक आकडे अग्निशामकांस कळत नाहीत, तर संयुक्त गटावर साधी कन्नड बोलावी की साधी इंग्रजी? पाच वर्षांनी पुनःप्रक्षेपकाच्या दुरुस्तीचे देयक कोणत्या खात्याच्या नावे निघेल? आणि टेकडीवरील त्या खोलीची किल्ली कोणाजवळ राहील?