नियम, सूत्रधार आणि यंत्र : संगणकीय भूमिकाखेळांची घडण

मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळांतून संगणकीय भूमिकाखेळ जन्मास आले, ही गोष्ट सर्वमान्य आहे. तथापि ह्या ऋणाचा विचार बहुधा कोणता घटक कोठून घेतला, ह्याच्या याद्यांपाशीच थांबतो. प्रस्तुत लेखातील प्रश्न थोडा निराळा आहे : माणसाच्या निर्णयास साह्य व्हावे म्हणून रचलेले नियम यंत्राच्या स्वाधीन केले असता त्यांचे काय होते?

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचे मूळ युद्धखेळांत आहे. खेळातील पात्राचे बल, बुद्धी, चापल्य इत्यादी सहा गुण अंकांनी दर्शविले जात. प्रत्येक अंक तीन फाशांच्या बेरजेने ठरत असल्यामुळे तो ३ ते १८ ह्यांच्या दरम्यान असे. परंतु खेळाचा प्राण ह्या अंकांत नव्हता. आपले पात्र काय करते, हे खेळाडू स्वतःच्या शब्दांत सांगे आणि त्याचा परिणाम सूत्रधार ठरवी. दार फुटत नाही, तर मी बिजागऱ्या उखडतो, असे कोणी म्हटले आणि नियमपुस्तकात बिजागऱ्यांचा उल्लेखच नसला, तरी खेळ अडत नसे. सूत्रधार शक्यतेचा अंदाज घेऊन फासा टाकावयास सांगे. नियम अपुरे होते आणि ते अपुरे असणे सूत्रधारामुळेच परवडत होते.

संगणकाने प्रथम उचलले ते गणित. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ यंत्रणेवर १९७५ च्या सुमारासच असे खेळ लिहिले गेले. अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड ह्यांच्या ‘विझर्ड्री’त (१९८१) सहा जणांची तुकडी, चिलखताचा अंक, मंत्रांच्या सात पायऱ्या अशी सारी सामग्री दिसते. बिजागऱ्या मात्र तेथे उखडता येत नाहीत. जे आज्ञावलीत लिहिलेले नाही, ते त्या जगात घडूच शकत नाही. मेजावर जो नियम साह्यकारी होता, तो येथे निसर्गनियम झाला.

ह्या स्थित्यंतराची एक खूण चिलखताच्या अंकात आढळते. ‘ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीत (१९८९) चिलखत जितके चांगले, तितका त्याचा अंक लहान असे. आघात करणाऱ्याच्या ठरावीक अंकातून तो वजा करावयाचा आणि वीस बाजूंच्या फाशावर येणारी बाकी किंवा तीहून अधिक दान पडले, तर घाव बसला असे समजावयाचे. ठरावीक अंक २० असल्यास चिलखतहीन शत्रूवर (अंक १०) १० वा अधिक दान पुरे, म्हणजे शक्यता ५५ टक्के; अंक ३ असलेल्या शत्रूवर १७ वा अधिक दान हवे, म्हणजे २० टक्के. ही वजाबाकी खेळणाऱ्यांनी मनातल्या मनात करावयाची होती. ‘बाल्डर्स गेट’मध्ये (१९९८) ती यंत्र करी; तरीही उतरता अंक तसाच राहिला. प्रयोजन सरले, पण परिभाषा उरली.

काळाच्या बाबतीत मात्र बदल करावा लागला. त्याच आवृत्तीतील युद्धाची फेरी सुमारे एका मिनिटाची होती. ‘बाल्डर्स गेट’मध्ये ती सहा सेकंदांची झाली, आणि विचारास अवसर मिळावा म्हणून खेळ थांबविण्याची सोय ठेवावी लागली. विश्रांतीचा प्रश्न अधिक बिकट होता. मंत्र एकदा वापरला की विश्रांती घेऊन तो पुन्हा पाठ करावयाचा, हा नियम वेळेला मोल असेल तरच अर्थपूर्ण ठरतो. तुम्ही झोपलात, तेवढ्यात बाहेर काय घडले, हे मेजावर सूत्रधार सांगे. ‘पूल ऑफ रेडियन्स’मध्ये (१९८८) त्याची जागा विश्रांतीत अवचित येणाऱ्या शत्रूंनी घेतली. परंतु जपून ठेवलेल्या खेळाकडे परत जाता येऊ लागताच फाशाचा कौलही अंतिम राहिला नाही. ‘विझर्ड्री’ने ह्याविरुद्ध कठोर उपाय योजला होता : तुकडी मारली गेली की मृत्यूची नोंद तत्काळ चकतीवर होई, आणि प्रेते आणावयास दुसरी तुकडी पाठवावी लागे.

तर मग सूत्रधार नाहीसा झाला काय? ‘फॉलआउट’ (१९९७) ह्याचे उत्तर सुचवितो. हा खेळ आरंभी ‘गर्प्स’ ह्या मेजावरील नियमसंहितेवर आधारावयाचा होता. तो करार फिसकटल्यावर रचनाकारांनी सात गुणांची स्वतंत्र पद्धती सिद्ध केली. तीत पात्राची बुद्धी फार कमी ठेवल्यास त्याला धड बोलताही येत नाही, आणि इतर पात्रे त्याच्याशी तदनुरूप वागतात. येथे अंक केवळ युद्धाच्या हिशेबापुरता राहत नाही. मेजावर सूत्रधाराने ऐनवेळी जे उत्तर दिले असते, ते येथे लेखकाने आगाऊ लिहून ठेवले आहे.

म्हणजे सूत्रधार गेला नाही, तो आधी बोलू लागला; मात्र त्याला खेळाडूचे म्हणणे ऐकू येत नाही. म्हणून ह्या खेळांचा अभ्यास करताना नियम किती तंतोतंत उतरला, एवढेच मोजून भागणार नाही. तो नियम मुळात कोणाच्या विवेकावर विसंबून होता, आणि त्या विवेकाच्या जागी यंत्रात काय ठेवले गेले, हे प्रत्येक वेळी तपासले पाहिजे.