यॉर्क : गव्हाचे गाव आणि मातीतले मीठ

श्रोतेहो, जुने गाव पाहावयास गेलेला प्रवासी बहुधा तेथील इमारती पाहूनच परत फिरतो. वेस, वाडा, प्रार्थनामंदिर, बाजारपेठ एवढे डोळ्यांखालून गेले की गाव पाहून झाले, अशी त्याची समजूत असते. याच समजुतीने मीही गतवर्षी सप्टेंबर महिन्यात पश्चिम ऑस्ट्रेलियातील यॉर्क या गावी गेले होते. परतले ती मात्र एक निराळाच धडा घेऊन. त्या धड्याविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

पश्चिम ऑस्ट्रेलियाची राजधानी पर्थ हे समुद्राजवळ वसलेले मोठे शहर आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी तेथे संसार थाटून राहिली आहे. "बाई, समुद्र पाहून झाला, आता आमचा गव्हाचा मुलूख पाहा," असा तिने आग्रह धरला आणि एके सकाळी आम्ही मोटारीने निघालो. यॉर्क पर्थच्या पूर्वेस सुमारे 97 किलोमीटरांवर आहे. वाटेत डार्लिंग नावाची डोंगररांग लागते. तिच्यावरील उंच वृक्षांचे रान मागे पडले की रस्ता हळूहळू ॲव्हन नदीच्या खोऱ्यात उतरतो आणि एकाएकी दोहों बाजूंस शेतेच शेते दिसू लागतात. दक्षिण गोलार्धातील ऋतू आपल्या उलट असल्याने सप्टेंबर हा तिकडचा वसंतारंभ. गहू हिरवागार होता आणि मोहरीच्या कुळातील कॅनोला नावाचे गळिताचे पीक पिवळ्याधमक फुलांनी डवरले होते. या भागात पाऊस पडतो तो हिवाळ्यात, मुख्यतः मे ते ऑगस्ट या महिन्यांत, आणि तोही वर्षाकाठी सुमारे 450 मिलिमीटर, म्हणजे आपल्या सोलापूरपेक्षाही कमी. तेवढ्यावर पेरणी करावयाची आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या उन्हात कापणी उरकावयाची, असा तेथील शेतीचा क्रम आहे.

यॉर्क हे पश्चिम ऑस्ट्रेलियातील समुद्रकिनाऱ्यापासून आत वसलेले सर्वांत जुने गाव होय. इंग्रजांनी स्वान नदीकाठी आपली वसाहत स्थापिली ती 1829 साली. किनाऱ्यालगतची जमीन रेताड निघाली. तेव्हा पुढील वर्षी रॉबर्ट डेल नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने डोंगर ओलांडून पलीकडचे हे खोरे पाहिले आणि 1831 साली पहिले वसाहतवाले येथे येऊन राहिले. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे खोरे ओसाड नव्हते. नूंगार लोकांपैकी बॅलार्डाँग समाज येथे सहस्रावधी वर्षे नांदत होता. नव्या लोकांनी कुंपणे घातली, गुरे सोडली, पाणवठे बळकाविले, आणि त्यातून 1830च्या दशकात दोन्ही बाजूंस रक्तपात झाला. गावाच्या जन्मकथेतील हे पान उलटून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पुढे शेतीस मजूर मिळेनात. म्हणून यॉर्कच्या शेतकरी मंडळानेच इंग्लंडातून कैदी आणविण्याची मागणी केली. 1850 ते 1868 या काळात सुमारे 9,700 कैदी या वसाहतीत उतरविण्यात आले. रस्ते, पूल आणि सरकारी इमारती यांवर त्यांचे श्रम खर्ची पडले. शिक्षेचा काही भाग भोगलेल्या कैद्यांस शेतकऱ्यांकडे कामास लावून देण्याचे एक ठाणे यॉर्कमध्येही होते.

गावाचा मुख्य रस्ता ॲव्हन टेरेस या नावाने ओळखला जातो. 1853पासूनचे जुने कासल हॉटेल, 1911 साली बांधलेले भव्य नगरभवन, लाकडी खांबांवर पेललेल्या पडव्यांची दुकाने, 1886 साली पूर्ण झालेले सेंट पॅट्रिकचे दगडी चर्च, हे सारे काही पावलांच्या अंतरात पाहावयास मिळते. त्या चर्चमध्ये मी घटकाभर बसले. भोवतालच्या शेतकरी कुटुंबांनी ते दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने पुरे केले, हे ऐकून आपल्याकडील खेड्यांतील चर्चांची आठवण झाली. येथेही एक पीक येई तेव्हा भिंत चढे आणि दुसरे पीक येई तेव्हा छप्पर, असेच झाले असावे.

पण एवढे जुने गाव इतके अभंग कसे राहिले? याचे उत्तर गमतीचे आहे. ते गाव हरले म्हणून राहिले!

1885 साली यॉर्कला आगगाडी आली आणि गावाचे भाग्य उजळले. पुढे पूर्वेकडील वैराण प्रदेशात सोने सापडू लागले. 1892 साली कूलगार्डी येथे आणि 1893 साली कॅलगुर्ली येथे. दक्षिणेकडील ऑल्बनी बंदरात उतरलेले सोनेशोधे आगगाडीने यॉर्कला येत आणि तेथून सामान गाडीवर लादून पायी पूर्वेकडे निघत. गावातील दुकाने आणि खाणावळी गजबजून गेल्या. मात्र सोन्याच्या मुलखाकडे जाणारा लोहमार्ग यॉर्कवरून काढावा की उत्तरेकडील नॉर्थम गावावरून, या चुरशीत नॉर्थमची सरशी झाली. 1894 साली तो मार्ग सुरू झाला आणि यॉर्कची वर्दळ ओसरली. वर्दळ ओसरली म्हणून जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याची निकड कोणास भासली नाही. 14 ऑक्टोबर 1968 रोजी नजीकच्या मेकरिंग येथे मोठा भूकंप झाला, त्यात यॉर्कच्याही काही इमारतींची हानी झाली. परंतु जे वाचले तेच आज प्रवाशांस खेचून आणते. ज्या पराभवाचे गावाने त्या काळी दुःख केले, त्याच्याच जोरावर आज तेथील हॉटेले चालतात.

एवढे पाहून मी परत फिरले असते. परंतु माझ्या विद्यार्थिनीच्या ओळखीचा एक वयस्क शेतकरी आम्हांला आपल्या शेतावर घेऊन गेला. गव्हाच्या हिरव्या पट्ट्याच्या मधोमध, सखल भागात, एक पांढरट चट्टा पसरला होता. त्यात पीक नव्हते. काही वाळलेली झाडे हात वर करून उभी असावीत तशी उभी होती. मी खाली वाकून पाहिले, बोटाला लागले ते जिभेवर ठेवले. ते मीठ होते.

समुद्रापासून इतक्या दूर मीठ आले कोठून? ते समुद्राकडूनच आले, पण आज-काल नव्हे. सागरावरून येणारे वारे आणि पाऊस आपल्याबरोबर अत्यल्प क्षार आणतात. सहस्रावधी वर्षे तो क्षार या जुनाट, सपाट भूमीच्या पोटात, खोल चिकणमातीत साठत गेला. वर रान होते. त्यात या गावाचेच नाव मिरविणारा यॉर्क गम नावाचा युकॅलिप्टस होता. 'जॅम' नावाची एक बाभळीच्या कुळातील झाडाची जातही होती. तिचे लाकूड ताजे कापले असता रासबेरीच्या मुरंब्यासारखा वास येतो, म्हणून तिला ते नाव. त्या जॅमच्या मुळांवर पोसणारे चंदनही येथे होते. आपल्या चंदनाचाच हा एक भाऊबंद, आणि या वसाहतीच्या आरंभीच्या निर्यातीत त्याचे स्थान मोठे होते. या झाडांची मुळे खोल जात, बाराही महिने पाणी शोषीत आणि पडलेला बहुतेक पाऊस पानांवाटे पुन्हा हवेत सोडीत. त्यामुळे खालचे मीठ खालीच निद्रिस्त राही.

गव्हासाठी रान तोडले गेले. गव्हाचे मूळ उथळ, आणि त्याचे आयुष्य सहा महिन्यांचे. उरलेले पाणी दरवर्षी थोडेथोडे खाली झिरपू लागले, भूगर्भातील पाण्याची पातळी वर सरकू लागली आणि चढता चढता तिने ते जुने मीठ आपल्यात विरघळवून घेतले. पाणी जमिनीच्या जवळ आले की, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते मातीतून वर चढते. ऊन पाणी उडवून नेते आणि मीठ मागे राहते. आज पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात दहा लाख हेक्टरांहून अधिक जमिनीला ही बाधा झाली आहे.

विशेष हे की, हे कोणाला कळलेच नव्हते असे नाही. वुड नावाच्या रेल्वेच्या एका अभियंत्याने 1924 साली या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. इंजिनांच्या बाष्पकांसाठी साठविलेले पाणी, भोवतालचे रान तोडल्यावर खारट होते, असे त्याच्या अनुभवास आले होते, आणि त्याने कारणाचा अचूक निर्देश केला. तरीही त्यानंतर कित्येक दशके, विशेषतः 1950 आणि 1960च्या दशकांत, प्रचंड प्रमाणावर रान साफ करण्यात आले. सरकार जमीन देई तीच मुळी झाडे तोडण्याच्या अटीवर. ॲव्हन नदीचेही तेच झाले. तिचे पाणी अधिकाधिक खारट होत गेले, आणि पुराचे पाणी झटपट वाहून जावे म्हणून 1950च्या दशकाच्या अखेरीपासून तिचे पात्र यंत्रांनी मोकळे करण्यात आले. परिणामी गाळ वाहत आला आणि उन्हाळ्यात जीवजंतूंस आधार देणारे खोल डोह रेतीने भरून गेले.

"माझ्या आजोबांनी झाडे तोडली," तो शेतकरी म्हणाला, "त्यांना मिठाची गोष्ट ठाऊक नव्हती. मला ठाऊक आहे." इतके बोलून त्याने आम्हांला कुंपणापलीकडची रोपे दाखविली. उंचावर खोल मुळांची देशी झाडे लावली होती. खाऱ्या सखल भागात मीठ सोसणारी, मेंढ्यांना चारा देणारी झुडपे होती. नासलेली जमीन एका पिढीत पूर्ववत होत नाही, हे त्याने लपविले नाही. मात्र चट्टा पसरावयाचा थांबविणे आपल्या हाती आहे, असे तो म्हणाला.

श्रोतेहो, त्या चट्ट्यावर उभी असताना मला कृष्णेचे खोरे आठवले. आपल्याकडे दोष तोडलेल्या रानाचा नव्हे, उसाला बेसुमार पाणी पाजण्याचा आहे. पण निचरा न झालेले पाणी वर चढते आणि क्षार वर आणते, हा नियम तोच. सांगली-कोल्हापूरकडील क्षारपड जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यॉर्कचे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

आपणांपैकी कोणाला पर्थकडे जाण्याचा योग आला तर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात यॉर्कला अवश्य जावे. त्या वेळी रानफुले फुललेली असतात. पुढच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो आणि फिरणे कठीण होते. नगरभवन पाहावे, चर्च पाहावे, कासल हॉटेलच्या पडवीत चहा घ्यावा. पण नंतर नदीकाठी जावे आणि शेताच्या कडेला क्षणभर उभे राहावे.

गावाजवळ दोन टेकड्या आहेत. नकाशात त्यांतील एकीचे नाव माउंट बेकवेल असे आहे. बॅलार्डाँग लोक तिला वॉलवॉलिंज, म्हणजे 'रडणारी टेकडी' म्हणतात. नूंगार लोक हेच या भूमीचे परंपरागत स्वामी होत, हे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळाने 2016 साली कायद्याने मान्य केले आणि त्यांच्याशी झालेला भूमिविषयक करार 2021 साली अमलात आला. संध्याकाळी परत निघताना मी त्या टेकडीकडे पाहिले. तिच्या पायथ्याशी गव्हाचे शेत होते, शेतात तो पांढरा चट्टा होता, आणि चट्ट्याच्या कडेने गुडघ्याइतकी वाढलेली नवी रोपे रांगेने उभी होती.