पॅड साफ तर पॉलिश साफ
बारामती-इंदापूरच्या गॅरेजवाल्या कारागिरांसाठी हिशेबाच्या चार गोष्टी

बारामती, भिगवण, इंदापूर या पट्ट्यात डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात आपले बरेच कारागीर आहेत. पत्रा सरळ करणे, लांबी भरणे, रंगाला रंग जुळवणे हे हुनर उस्तादाकडून शागिर्दाकडे चालत आलेले आहे. त्यात आता मशीनने पॉलिश करण्याच्या कामाची भर पडली आहे. गॅरेजच्या बोलीत त्याला बफिंग म्हणतात. एमएच ४२ च्या पाटीच्या गाड्या वाढल्या, पाठोपाठ गाडी चकचकीत ठेवणारे गिऱ्हाईकही वाढले. या कामाला भांडवल थोडे लागते, जागाही थोडी लागते आणि मजुरी बरी सुटते. म्हणून अनेक तरुण त्यात उतरले आहेत.

परंतु एक तक्रार वारंवार कानावर येते. गाडी संध्याकाळी गॅरेजमधून निघते तेव्हा आरशासारखी दिसते. दुसऱ्या दिवशी उन्हात उभी राहिली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसू लागतात. दोन वेळा धुतली की उरलीसुरली चमकही जाते. गिऱ्हाईक भांडत बसत नाही. पुढच्या वेळी ते सरळ शंभर किलोमीटरवरच्या पुण्याला जाते आणि दुप्पट-तिप्पट पैसे देऊन येते. आपला माणूस म्हणतो, कंपाऊंड नकली निघाले, किंवा मशीन हलके आहे. आमचे म्हणणे असे की, कंपाऊंड आणि मशीन यांना दोष देण्यापूर्वी मशीनच्या तोंडाशी लावलेला फोमचा पॅड एकदा उलटा करून पाहावा. बहुतेक वेळा खरा गुन्हेगार तिथेच सापडतो.

पॅडमध्ये काय साठते?

पॉलिशचा पॅड पॉलियुरेथेन फोमचा असतो. त्यात बारीक उघडी छिद्रे असतात आणि कंपाऊंड त्या छिद्रांत बसून काम करते. कंपाऊंड म्हणजे तेलकट द्रवात मिसळलेली अत्यंत बारीक, कडक भुकटी. पुष्कळदा ती ॲल्युमिनियम ऑक्साईडची असते. मशीन फिरू लागले की ही भुकटी रंगाचा वरचा थर किंचित खरवडते आणि ओरखड्याच्या कडा सपाट करते. चमक येते ती यामुळे.

आता खरवडलेला रंग जातो कुठे? थोडा धुरळा होऊन उडतो. बाकीचा वापरलेल्या कंपाऊंडबरोबर पॅडच्या छिद्रांत जाऊन बसतो. दोन-तीन जागा घासून झाल्या की छिद्रे बुजतात. त्यानंतर वरून कितीही नवीन कंपाऊंड टाकले तरी ते जुन्या चिखलात मिसळते. काप कमी होतो, म्हणून कारागीर जोर वाढवतो आणि वेगही वाढवतो. त्याने पॅड तापतो. पॅड तापला की कंपाऊंड लवकर सुकते आणि त्याच्या कडक गुठळ्या बनतात. ओरखडे काढण्यासाठी लावलेला पॅड मग स्वतःच ओरखडे पाडू लागतो.

कंपाऊंडमधील तेल हे ओरखडे काही काळ झाकून ठेवते. म्हणून संध्याकाळी काम छान दिसते आणि दोन धुण्यांनंतर उघडे पडते. गाडी देण्यापूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून एका कोपऱ्यावर पुसून पाहावे आणि मग उन्हात किंवा टॉर्चच्या उजेडात बघावे. तेल निघाल्यावर जे दिसते तेच आपले खरे काम.

कागदाहून पातळ थर

नव्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक थर असतो. आपले पेंटर त्याला लॅकर किंवा क्लिअर म्हणतात. सर्वसाधारणपणे त्याची जाडी ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहूनही कमी. उन्हापासून रंगाचे रक्षण हाच थर करतो. प्रत्येक कटिंगमध्ये त्यातले काही मायक्रॉन जातात आणि गेलेले परत येत नाहीत. म्हणजे एक गाडी तिच्या आयुष्यात मोजक्याच वेळा जोरात घासता येते. बुजलेल्या पॅडने एकच जागा चार-चार वेळा घासणारा कारागीर गिऱ्हाईकाची ही शिल्लक विनाकारण खर्च करत असतो. बॉनेटच्या कडेवर, दरवाजाच्या उभारावर थर आणखी पातळ असतो. तिथे तापलेला पॅड टेकला की लॅकर जळते. मग तो भाग पुन्हा रंगवून देण्याचा खर्च कारागिराच्याच खिशातून जातो.

पॅड वेळोवेळी साफ करण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे. साफ पॅड बोलतो. लॅकर असलेल्या गाडीवर पॅडला येणारा मळ पांढरट असतो. काम करता करता पॅडवर गाडीचाच रंग, लाल किंवा निळा, दिसू लागला तर त्याचा अर्थ लॅकर संपले आणि खालच्या रंगाला हात लागला. त्या क्षणी मशीन बंद करावे. जुन्या गाड्या, ट्रॅक्टर, टेम्पो यांच्या रंगावर पुष्कळदा लॅकर नसतेच. तिथे पॅडला रंग येणारच, त्यात भिण्याचे कारण नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी न दिसणाऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडाने थोडे कंपाऊंड घासून पाहावे आणि गाडी कोणत्या जातीची आहे ते ठरवावे. पांढऱ्या गाडीत ही खूण ओळखू येत नाही, तिथे जास्त सांभाळून चालावे. पॅड आधीच मळाने काळवंडलेला असेल तर यातली कोणतीही खूण दिसणार नाही.

साफ कधी आणि कसे करावे?

एका वेळी साधारण दोन फूट बाय दोन फूट एवढीच जागा घ्यावी. ती पूर्ण झाली, पुसून झाली, की पॅड साफ करून मगच पुढच्या जागेला हात लावावा. साफ करण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत टॉवेलची. स्वच्छ सुती किंवा मायक्रोफायबरच्या टॉवेलची घडी हातात घ्यावी, मशीन कमी वेगावर ठेवावे आणि फिरता पॅड टॉवेलवर काही सेकंद दाबावा. ओला मळ टॉवेल शोषून घेतो. खर्च जवळजवळ काहीच नाही.

दुसरी रीत ब्रशची. पॅडसाठी मऊ नायलॉनचा ब्रश मिळतो. पॅडचे तोंड वर करून मशीन कमी वेगाने चालवावे आणि ब्रश मधून कडेकडे हलक्या हाताने न्यावा. काहीजण स्क्रू-ड्रायव्हरने किंवा तारेच्या ब्रशने पॅड खरवडतात. लोकरीच्या पॅडसाठी दातेरी चाकाचे वेगळे हत्यार असते. फोमवर मात्र लोखंड कधीही लावू नये. फोम फाटतो, त्याचे तुकडे पडतात आणि पॅड वाकडा फिरू लागतो.

तिसरी रीत हवेची. रंगकाम करणाऱ्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर असतोच. गाडीपासून दूर जाऊन, डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क लावून पॅडवर तिरकी हवा मारावी. मळ छिद्रांतून भुकटी होऊन बाहेर पडतो आणि पॅड थंडही होतो. हवेच्या नळीत पाणी येत नाही ना, एवढे पाहावे. पॅड आणि वेल्क्रो जिथे चिकटवलेले असतात त्या सांध्यावर हवेचा मारा करू नये.

या तिन्ही वेळी सैल बाही, गळ्यातला रुमाल किंवा टॉवेलचे लोंबते टोक फिरत्या मशीनजवळ नको. रोटरी मशीन कापड ओढून घेते.

कंपाऊंड कमी वापरले तर मळही कमी होतो. नव्या पॅडला पहिल्यांदा पातळ हात फिरवून कंपाऊंड सर्वत्र लावावे. नंतर प्रत्येक जागेला वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके पुरतात. ड्युअल ॲक्शन मशीन असेल तर पॅड बसवण्याच्या तबकडीच्या कडेवर मार्करने एक रेघ मारावी. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती थांबली, तर पॅड जागच्या जागी थरथरतो आहे. याचा अर्थ जोर जास्त पडतो आहे किंवा पॅड मळाने जड झाला आहे.

वेळ जातो म्हणणाऱ्यांसाठी हिशेब

कारागिरांची नेहमीची तक्रार असते की एवढे नखरे करायला वेळ कुठे आहे. हिशेब करून पाहू. बॉनेट, टप, डिकी, चार दरवाजे, चार फेंडर आणि दोन बंपर मिळून तेरा भाग झाले. सगळे मिळून दोन-दोन फुटांच्या ३६ जागा धरू. प्रत्येक जागेनंतर २० सेकंद पॅड साफ केला तर एकूण बारा मिनिटे लागतात. एकच दरवाजा पुन्हा घासावा लागला तर यापेक्षा जास्त वेळ जातो.

पैशाचाही हिशेब असाच आहे. उदाहरणादाखल पॅड ४०० रुपयांचा धरा. मळात तापून तो चार गाड्यांत गेला तर गाडीमागे १०० रुपये पडले. नीट ठेवला आणि वीस गाड्या चालला तर २० रुपये. कंपाऊंडची बचत त्याखेरीज.

आपल्या भागातल्या अडचणी

आमचा हा पट्टा नीरा डाव्या कालव्याचा आणि उजनीच्या काठचा. अनेक ठिकाणी जमीन खारवट झाली आहे आणि बोअरचे पाणी जड आहे. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि सुकल्यावर पांढरे क्षार मागे राहतात. म्हणून दिवसाच्या शेवटी पॅड धुताना निदान शेवटचे पाणी नळाचे, गोडे घ्यावे. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून पॅड हाताने दाबून धुवावा. पिळू नये. पेट्रोल किंवा थिनरने धुण्याची सवय तर सोडूनच द्यावी. त्याने फोम फुगतो, वेल्क्रोचा गोंद सुटतो आणि आगीचा धोका वेगळाच. धुतल्यावर पॅडचे तोंड खाली करून सावलीत वाळवावा, म्हणजे पाणी गोंदाकडे न जाता खाली निथळते. कडक उन्हात फोम पिवळा पडून ठिसूळ होतो.

ऊसगाळपाच्या दिवसांत कारखान्यांच्या आसपास राख आणि काजळी उडते. रस्त्याची धूळ बाराही महिने असते. उघड्या शेडमध्ये पॅड टेबलावर तोंड वर करून ठेवला तर तासाभरात त्याच्यावर खर बसते. धुऊन वाळवलेले पॅड झाकणाच्या डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत. काम चालू असताना पॅड जमिनीवर पडला तर तो त्या दिवशी परत लावू नये. एक खडा अडकला तरी अख्खे बॉनेट खराब होते.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली गाडीचा पत्राही तापलेला असतो. अशा वेळी कंपाऊंड लावता लावता सुकते. हे काम सकाळी लवकर उरकावे आणि एका गाडीला प्रत्येक टप्प्याचे निदान दोन-तीन पॅड ठेवावेत. एक तापला की काढून दुसरा लावावा. एका पॅडला एकच कंपाऊंड, हा नियम कधी मोडू नये. पॅडच्या पाठीवर मार्करने कटिंग, पॉलिश, फिनिशिंग असे लिहून ठेवावे. कटिंगचा पॅड चुकून फिनिशिंगला लागला तर दिवसभराची मेहनत वाया जाते.

शागिर्दाला आधी पॅड शिकवा

आपल्या गॅरेजमध्ये पॅड धुण्याचे काम सर्वांत लहान पोऱ्याकडे असते, आणि ते कसे करावे हे त्याला कोणी सांगत नाही. तो ते नळाखाली धरून पिळतो आणि उन्हात दोरीवर टाकतो. तोच पोऱ्या दोन वर्षांनी मशीन हातात घेतो तेव्हा मळक्या पॅडचीच सवय घेऊन येतो. उस्तादांना आमची विनंती आहे की, शागिर्दाच्या हाती मशीन देण्यापूर्वी त्याला पॅड वाचायला शिकवावे. मळ पांढरा आहे की रंगीत, पॅड गार आहे की गरम, फोम मऊ आहे की कडक झाला आहे, हे बोटाने कळले पाहिजे.

पुण्याच्या झगमगत्या दुकानांत जे पॅड, जे कंपाऊंड आणि जे मशीन वापरतात ते आज बारामती-इंदापूरच्या कारागिरालाही मागवता येते. रंगाची जाण तर आपल्याकडे त्यांच्यापेक्षा जुनी आहे. फरक राहतो तो प्रत्येक जागेनंतरच्या वीस सेकंदांचा. तेवढे सेकंद ज्याने दिले, त्याची गाडी दुसऱ्या दिवशीच्या उन्हातही तशीच दिसेल, आणि तिचा मालक पुण्याचा रस्ता धरणार नाही.