पाण्यावर आखलेली धावपट्टी

मुलांनो, विमानतळावर धावपट्टी असते, हे तुम्हाला माहीत आहेच. पण भर समुद्रात, पाण्यावर फेसाने आखलेली धावपट्टी कधी ऐकली आहे? तिची ही खरीखुरी गोष्ट आहे.

ऑक्टोबर १९५६. पॅन अमेरिकन कंपनीचं चार इंजिनांचं एक मोठं विमान हवाई बेटांवरच्या होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं होतं. अंतर सुमारे ३,८५० किलोमीटर आणि खाली सगळा प्रशांत महासागर. विमानात २४ प्रवासी आणि ७ कर्मचारी होते. प्रवाशांत लहान मुलंही होती.

मध्यरात्र उलटली आणि एक इंजिन बिघडलं. त्याचा पंखा भलत्याच वेगाने गरगरू लागला. अशा वेळी वैमानिक पंख्याची पाती वळवून त्यांची धार वाऱ्याकडे करतात. का, ते करून पाहा. जोराच्या वाऱ्यात वही वाऱ्याला आडवी धरा, वारा तिला मागे ढकलतो. आता तिची कड वाऱ्याकडे करा, वारा बाजूने सुळकन निघून जातो. पण इथे पाती वळेचनात! तो पंखा विमानाला सतत मागे ओढत राहिला. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूचं आणखी एक इंजिनही थकलं. आता पुढे सॅन फ्रान्सिस्को गाठायला इंधन पुरणार नव्हतं आणि मागे होनोलुलूही गाठता येणार नव्हतं.

मग? त्या काळी महासागरात ठरावीक जागी जहाजं उभी असत. ती हवामानाच्या नोंदी घेत आणि अडचणीतल्या विमानांना मदत करत. हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या साधारण मधोमध अमेरिकन तटरक्षक दलाचं ‘पाँचरट्रेन’ नावाचं जहाज असंच उभं होतं. कॅप्टन रिचर्ड ऑग यांनी विमान तिकडे नेलं.

आणि काय केलं असेल त्यांनी? लगेच उतरवलं? नाही! चार तासांहून जास्त वेळ ते जहाजाभोवती घिरट्या घालत राहिले. ते उजाडण्याची वाट पाहत होते. अंधारात लाटा दिसल्या नसत्या. शिवाय इंधन जळेल तसं विमान हलकं होत होतं, आणि हलकं विमान कमी वेगाने उतरू शकतं. वेग महत्त्वाचा, कारण वेगाने आदळलं की पाणी दगडासारखं लागतं. विहिरीत उडी मारताना जो पोटावर पडला असेल, त्याला विचारा! पाण्याला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही. रिकाम्या टाक्यांचा आणखी एक फायदा होता: त्यांतली हवा विमानाला तरंगायला मदत करते.

उजाडलं. जहाजाने पाण्यावर फेसाचा लांबच लांब पट्टा मारला. वरून पाहताना समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो आणि आपण पाण्यापासून किती उंचावर आहोत, ते कळत नाही. पांढऱ्या पट्ट्यामुळे कॅप्टनना त्याचा अंदाज येणार होता. याच जातीचं एक विमान आदल्या वर्षी समुद्रात उतरताना त्याची शेपूट तुटली होती. ते लक्षात ठेवून कॅप्टननी शेपटीकडच्या प्रवाशांना पुढे बसवायला सांगितलं.

सकाळी सव्वासहाला विमान पाण्यावर उतरलं. एक पंख लाटेला लागला, विमान गर्रकन फिरलं आणि शेपूट खरंच तुटली! पण तिथे कुणीच नव्हतं. प्रवासी रबरी तराफ्यांवर उतरले, जहाजाच्या होड्या धावत आल्या. साधारण वीस मिनिटांत विमान बुडालं. तोवर सगळेच्या सगळे ३१ जण बाहेर पडले होते!

धातूचं एवढं अवजड विमान वीस मिनिटं तरंगलं कसं? बादलीभर पाण्यात स्टीलची वाटी सोडा. ती तरंगते, कारण तिच्या पोटात हवा आहे. तिला हळूच तिरकी करा. पाणी आत शिरलं की वाटी तळाला! विमानाचंही तसंच झालं. पाणी आत भरेपर्यंतचा वेळ हाच त्या माणसांचा वेळ होता, आणि तो त्यांनी धक्काबुक्कीत घालवला नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. विमानातलं लाइफ जॅकेट आपण आत असताना कधीही फुगवायचं नाही. १९९६ साली कोमोरोस बेटांजवळ एक विमान समुद्रात पडलं. काही प्रवाशांनी जॅकेट आतच फुगवलं होतं. पाणी शिरलं तसे ते छताकडे उचलले गेले आणि त्यांना खाली बुडी मारून दारापर्यंत जाता आलं नाही. म्हणून जॅकेट अंगात घालायचं आतच, पण दोरी ओढायची दारातून बाहेर पडताना.

विमान सुटण्यापूर्वी कर्मचारी हे सगळं हातवारे करून दाखवतात. तेव्हा खिडकीबाहेर पाहू नका, त्यांच्याकडे पाहा. आपल्या जागेपासून दार किती रांगा दूर आहे, ते मोजून ठेवा. आणि मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला लाँचने जाल तेव्हा लाइफ जॅकेट कुठे ठेवली आहेत, ते आधी विचारून घ्या. त्या ३१ जणांचा जीव वाचला तो आधीच केलेल्या तयारीने. तुम्हीही तयारीत राहा!