ठिणगी गेली कुठे?

नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर आली होती. किनाऱ्यावर होड्यांना रंगाचे हात बसत होते. अशा वेळी आमचे शेजारी तांडेलमामा आपल्या होडीचे इंजिन उचलून माझ्या अंगणात घेऊन आले. तुम्ही कोकणात राहत असाल तर असले इंजिन पाहिलेच असेल. होडीच्या मागच्या फळीला ते शिकंज्यांनी आवळून बसवतात; वर यंत्र, खाली लांब दांडा आणि टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. याला आउटबोर्ड इंजिन म्हणतात. मामांचे इंजिन दोन सिलिंडरांचे, आठ अश्वशक्तीचे आणि वीस वर्षांचे. ते सुरू होई, पण होडीचा भार पडला की त्याचा दम सुटे. शिवाय मध्येच बंदही पडे.

“सर, याला म्हातारपण आलंय, दुसरं काय?” मामा म्हणाले.

खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी आणि समुद्राच्या लाटा समोरासमोर भिडतात. तेथे इंजिनाने दगा दिला तर होडी लाटेला आडवी होते, आणि मग उलटायला एक लाट पुरते. नवे इंजिन घेणे मामांना परवडणारे नव्हते.

आम्ही पहिली चूक केली ती अशी, की कारण न शोधताच उपाय सुरू केला. कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग, उघडून धुतला. दोन संध्याकाळी गेल्या. फरक शून्य! तेव्हा वर्गात मी जे दरवर्षी सांगतो ते स्वतःलाच सांगितले: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते पाहायचे.

इंजिन पाण्याच्या पिंपात उभे केले. (कोरडे चालवले तर थंडाव्याचे पाणी खेचणारे रबरी चक्र थोड्याच वेळात जळून जाते.) मग वरच्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूला जोडले आणि दोरी ओढली. इंजिन सुरूच होईना. आता ती परत बसवून खालची वायर तशीच जोडली. इंजिन पूर्वीसारखेच चालू! म्हणजे खालचा सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. वरचा एकटाच त्याचाही दट्ट्या ओढत होता. दोन्ही सिलिंडरांना कार्ब्युरेटर एकच होता, तेव्हा तो निर्दोष. आमच्या दोन संध्याकाळी पाण्यात गेल्या होत्या.

खालचा प्लग काढला तो पेट्रोलने ओला. इंधन पोचत होते, पण पेटत नव्हते. दोन्ही प्लगांची अदलाबदल केली. दोष जागचा हलला नाही, म्हणजे प्लगही ठीक. प्लगच्या भोकावर अंगठा धरून दोरी ओढली, तर दोन्हीकडे दाब सारखाच जोरदार. मग पेट्रोलचा डबा दूर ठेवून प्लग इंजिनाच्या धातूला टेकवला आणि ठिणगी पाहिली. दोन्हीकडे स्वच्छ निळसर ठिणगी! आता दोष द्यायचा कोणाला?

रात्री जेवताना घास हातातच राहिला. आम्ही ठिणगी पाहिली होती ती मोकळ्या हवेत. हवेतून ठिणगी उडण्यास प्रत्येक मिलिमीटर अंतरास सुमारे ३००० व्होल्ट लागतात. प्लगची फट मिलिमीटरहूनही कमी असते. पण सिलिंडरमध्ये दट्ट्या वर येतो तेव्हा आतील वायूचा दाब वातावरणाच्या सहा-सात पट होतो. रेणू दाटीवाटीने येतात. इलेक्ट्रॉनला वेग घेण्याआधीच टक्कर बसते, आणि तेवढ्याच फटीसाठी कित्येक पट व्होल्ट लागतात. बाहेर जी फट ठिणगीला सर्वांत सोपी वाट होती, तीच आत अवघड झाली. मग ठिणगी दुसरीच एखादी वाट धरत नसेल कशावरून?

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर दोन्ही प्लग जागच्या जागी बसवले, इंजिनाचे झाकण काढले आणि अंगणातला दिवा मालवला. मी दोरी ओढली.

“सर, इथं बघा!” मामा ओरडले.

जाड वायरीच्या मध्यावरून इंजिनाच्या अंगावर एक निळी रेघ तडतडत उडत होती. वीस वर्षांत वायरीचे रबर तडकले होते आणि भेगेत खारट ओल साचली होती. खारे पाणी विजेचे वाहक. भरीस भर म्हणजे वायर तेथेच धातूला घासून गेलेली. (तुम्ही मात्र अशा वायरीला हात लावू नका, हा प्रयोग जाणत्या माणसाबरोबरच करावा.) स्कूटरला लागते तसली वीतभर वायर आणून बसवली, आणि खालचा सिलिंडर बोलू लागला.

भरतीच्या वेळी, वल्ही बरोबर घेऊन, आम्ही खाडीत चाचणीस निघालो. होडी सपाट्याने निघाली. दहा मिनिटे झाली आणि इंजिन खोकत बंद पडले! माझा चेहरा पडला. पाहतो तो पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा चपटा झालेला. पंप पेट्रोल ओढत होता, पण त्याची जागा घ्यायला टाकीत हवा शिरत नव्हती. आतला दाब उतरला होता आणि बाहेरच्या वातावरणाने फुगा दाबला होता. मी हे समजावून सांगू लागलो, तोवर मामांनी टाकीच्या झाकणावरचा लहानसा स्क्रू सैल केला. फुस्स आवाज करीत हवा आत गेली.

“पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून मीच आवळला होता,” ते ओशाळून म्हणाले, आणि त्यांनी दोरी ओढली.