सोनिवली, बदलापूर, अंबरनाथ... संगणकाला सारेच सारखे!

सोनिवली, बदलापूर आणि अंबरनाथ ही नावे वेगवेगळी आहेत, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. मात्र संकेतस्थळांच्या बांधणीत जगभर वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या फंक्शनला ही तीन नावे देवनागरीत दिली, तर तिन्हींच्या बदल्यात एकच उत्तर मिळते. एकापुढे एक अशा सात आडव्या रेघा! हे फंक्शन बिघडलेले नाही. ते नेमून दिलेले काम चोखपणे करते. तरीही मराठीतून माहिती साठवू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते काय करते आणि का करते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

गठ्ठा बांधणारे साधन

ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार केली. त्या काळी एका पानाला दहा-वीस ओळींची आज्ञावली पुरत असे. पुढे संकेतस्थळांवरच तिकिटे काढणे, बँकेचे व्यवहार करणे, नकाशे पाहणे सुरू झाले. आज्ञावली हजारो ओळींची झाली आणि ती अनेक फाइलींमध्ये विभागून लिहिणे भाग पडले. अशा प्रत्येक फाइलीला 'मॉड्यूल' म्हणतात. एका मॉड्यूलने आपल्याकडची वस्तू 'निर्यात' करायची आणि दुसऱ्याने ती 'आयात' करायची, हा नियम जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या प्रमाण आवृत्तीत अधिकृतपणे दाखल झाला.

शेकडो सुट्या फाइली वाचकाच्या मोबाइलवर एकेक करून पाठवणे परवडणारे नसते. म्हणून त्या सर्व वाचून, कोण कोणावर अवलंबून आहे याचा माग काढून, त्यांचा एक आटोपशीर गठ्ठा बांधणारी साधने आली. त्यांना 'बंडलर' असे नाव आहे. २०११ चे ब्राउझरिफाय, २०१२ चे वेबपॅक आणि २०१५ चे रोलअप ही त्यांतील ठळक नावे.

यांपैकी रोलअपचा वृत्तपत्रसृष्टीशी जवळचा संबंध आहे. त्याचे मूळ कर्ते रिच हॅरिस यांनी 'गार्डियन' आणि नंतर 'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकांत आकृत्या व परस्परसंवादी पाने तयार करण्याचे काम केले. बातमीसोबतचा आलेख वाचकासमोर लगेच उमटला पाहिजे, ही त्या कामाची पहिली अट. गठ्ठ्यातून न वापरलेले भाग झाडून टाकण्याची पद्धत रोलअपने लोकप्रिय केली. तिला 'ट्री शेकिंग' म्हणतात. झाड हलवले की सुकलेली पाने खाली पडतात, तशी ही कल्पना आहे.

कारागीर एक, हत्यारे अनेक

रोलअप स्वतः फक्त जावास्क्रिप्ट जाणते. माहितीची 'जेसन' फाइल किंवा अन्य भाषेतील मजकूर समोर आला, की त्याला बाहेरची मदत लागते. ही मदत म्हणजे 'प्लगइन'. उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्यात कापड बेतणारा, शिवणारा, काज-बटण करणारा आणि धुलाई करणारा निरनिराळा असतो. प्रत्येकाची पाळी आली की माल त्याच्या हाती जातो. बंडलरमध्येही तसेच घडते. 'ही फाइल कुठे आहे', 'हिच्यातील मजकूर काय' आणि 'त्यात काय बदल करायचा' अशा ठरलेल्या टप्प्यांवर रोलअप प्रत्येक प्लगइनला हाक देते.

प्लगइन कोणीही लिहू शकतो. पण लिहायला बसले, की ध्यानात येते की निम्मे काम सर्वांचे सारखेच आहे. कोणत्या फाइलींना हात लावायचा हे ठरवणे, फाइलींचे पत्ते एका साच्यात आणणे, नावे नियमात बसवणे ही कामे प्रत्येकाने नव्याने केली, तर प्रत्येकाच्या चुकाही नव्या असतील. म्हणून रोलअपच्या मंडळींनी ही सहायक फंक्शने एकत्र करून 'प्लगइनयूटिल्स' नावाचा संच खुला ठेवला. आधी स्वतंत्र असलेला हा संच पुढे रोलअपच्या अधिकृत प्लगइनांच्या सामाईक भांडारात हलवण्यात आला.

पेटीत काय काय?

या पेटीतील सर्वाधिक वापराचे हत्यार म्हणजे 'क्रिएटफिल्टर'. नावाप्रमाणेच ही गाळणी आहे. कोणत्या फाइली घ्यायच्या आणि कोणत्या वगळायच्या याचे नमुने तिला दिले, की ती एक फंक्शन परत देते. फाइलीचा पत्ता त्याला विचारला, की 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर येते. येथे वगळण्याची यादी आधी तपासली जाते. एखादी फाइल दोन्ही याद्यांत असेल, तर ती वगळलीच जाते. 'घ्यायच्या' फाइलींची यादी रिकामी असेल, तर वगळलेल्या सोडून बाकी सर्व फाइली आत येतात. डिस्कवर प्रत्यक्षात नसलेली, प्लगइनांनी आपापसात निर्माण केलेली 'आभासी' मॉड्यूले एका अदृश्य शून्य चिन्हाने ओळखली जातात. हे चिन्ह असलेला पत्ता गाळणी थेट नाकारते. एका प्लगइनच्या खासगी कामात दुसऱ्याने ढवळाढवळ करू नये, हा त्यामागील हेतू.

'नॉर्मलाइझपाथ' हे काम त्याहून सोपे करते. विंडोजवर पत्त्यातील तिरक्या रेघा उलट्या दिशेने झुकतात. हे फंक्शन त्या सरळ करते. 'अ‍ॅडएक्स्टेन्शन' शेपूट नसलेल्या फाइलीच्या नावाला शेपूट जोडते. 'अटॅचस्कोप्स' मात्र खोलातले काम करते. आज्ञावलीतील कोणते नाव कोणत्या कक्षेत जाहीर झाले आहे, याची नोंद ते आज्ञावलीच्या रचनावृक्षावर करून ठेवते. एखादे नाव बदलताना त्याच नावाचा, पण निराळ्या कक्षेतील दुसरा 'इसम' चुकून बदलला जाऊ नये, यासाठी ही नोंद उपयोगी पडते.

पेटीतील आणखी दोन फंक्शने या लेखाच्या विषयाशी थेट निगडित आहेत. 'डेटाटूईएसएम' हे माहितीचे मॉड्यूलमध्ये रूपांतर करते, तर 'मेकलीगलआयडेंटिफायर' हे कोणत्याही शब्दाला जावास्क्रिप्टमध्ये चालेल असे 'कायदेशीर' नाव मिळवून देते.

नावाच्या जागी सात रेघा

'मेकलीगलआयडेंटिफायर'चे नियम मोजके आहेत. जोडरेघेनंतरचे रोमन अक्षर मोठे करायचे आणि जोडरेघ काढून टाकायची. रोमन अक्षरे, ० ते ९ हे रोमन वळणाचे अंक, डॉलरचे चिन्ह आणि अंडरस्कोअर यांखेरीज जे काही असेल, त्या प्रत्येक चिन्हाच्या जागी एक अंडरस्कोअर ठेवायचा. नाव अंकाने सुरू होत असेल किंवा भाषेने राखून ठेवलेला शब्द असेल, तर आधी एक अंडरस्कोअर लावायचा. बदलापूरचा पिनकोड ४२१५०३ रोमन अंकांत दिला, तर त्यापुढे एक रेघ लागून नाव तयार होते. येथवर सारे ठीक.

आता 'सोनिवली' हा शब्द घेऊ. मराठी माणूस त्यात चार अक्षरे मोजतो : सो, नि, व, ली. युनिकोडमध्ये मात्र मूळ वर्ण आणि त्याची मात्रा यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. म्हणून संगणक स, ओकार, न, ऱ्हस्व इकार, व, ल आणि दीर्घ ईकार अशी सात चिन्हे मोजतो. यांतील एकही रोमन नसल्याने उत्तर येते _______ असे. 'बदलापूर'मध्ये ब, द, ल, काना, प, दीर्घ ऊकार, र ही सात चिन्हे. 'अंबरनाथ'मध्ये अ, अनुस्वार, ब, र, न, काना, थ ही पुन्हा सातच! शेजारच्या 'उल्हासनगर'मध्ये हलन्ताचे चिन्ह धरून नऊ चिन्हे होतात, म्हणून त्याला नऊ रेघा मिळतात आणि तेवढ्यापुरते ते वेगळे उरते.

विशेष म्हणजे जावास्क्रिप्टला देवनागरी नावांचे वावडे नाही. युनिकोडमधील अक्षरे नावात वापरण्याची मुभा या भाषेने फार पूर्वीच दिली आहे. 'सोनिवली' नावाचे व्हेरिएबल आजच्या कोणत्याही ब्राउझरमध्ये बिनतक्रार चालते. म्हणजे हे बंधन भाषेचे नसून सहायक फंक्शनने पत्करलेल्या सावध धोरणाचे आहे. या धोरणाचा फायदाही आहे. फाइल चुकीच्या संकेतन पद्धतीने वाचली गेली, तरी केवळ रोमन चिन्हांचे नाव बिघडत नाही. मराठी संकेतस्थळे पाहण्यासाठी ज्यांनी कधीकाळी प्रत्येक दैनिकाचा निराळा फॉण्ट उतरवून घेतला आणि तरीही पडद्यावर चौकोन पाहिले, त्यांना ही सावधगिरी अनाठायी वाटणार नाही.

मात्र हे फंक्शन 'कायदेशीर' नाव देण्याची हमी देते. 'एकमेव' नाव देण्याची नव्हे. हा फरक विसरला, की घोटाळा होतो. रोलअप स्वतः गठ्ठा बांधताना दोन नावे सारखी आढळली, तर एकाच्या शेवटी क्रमांक जोडून ती वेगळी करते. पण एखाद्या प्लगइन-लेखकाने या रेघांचाच खण म्हणून वापर करून माहिती साठवली, तर बदलापूरच्या खणात अंबरनाथ जाऊन बसते आणि कोठेही तक्रार उमटत नाही. रोमन नावांवर चाचणी घेणाऱ्याला ही चूक दिसत नाही. ती दिसते ती केवळ मराठी, तमीळ किंवा चिनी नावे वापरणाऱ्याला.

तीन बाइटचे एक चिन्ह

दुसरा प्रश्न वजनाचा. समजा, सोनिवलीतील एखाद्या विद्यार्थ्याने परिसरातील गावांची माहिती एका जेसन फाइलीत लिहिली आणि गावांची नावे मराठीत ठेवली. रोलअपचे जेसन प्लगइन ही फाइल 'डेटाटूईएसएम'कडे सोपवते. हे फंक्शन पहिल्या पातळीवरील प्रत्येक नाव तपासते. 'कायदेशीर' केल्यानंतरही जे नाव जसेच्या तसे राहते, त्याची स्वतंत्र निर्यात होते. नाव बदलले, तर ती नोंद फक्त मुख्य एकत्रित वस्तूत राहते. माहिती हरवत नाही. पण तिचा स्वतंत्र दरवाजा बंद होतो.

परिणामी, रोमन नावांच्या फाइलीतून एकाच गावाची माहिती आयात केली, तर उरलेली गावे गठ्ठ्यातून सहज झाडली जातात. मराठी नावांच्या बाबतीत हा सरळ मार्ग उपलब्ध नसतो आणि पूर्ण यादी पानासोबत जाण्याची शक्यता वाढते. त्यातच देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. 'सोनिवली' देवनागरीत २१ बाइट व्यापते, तर रोमन लिपीत आठ. पाठवताना मजकूर आवळला जातो हे खरे. तरी नको असलेले ओझे मुळातच न पाठवणे केव्हाही चांगले. बदलापूरहून लोकलमध्ये उभ्याने प्रवास करताना तुटक नेटवर्कवर पान उघडू पाहणाऱ्याला हा फरक जाणवू शकतो.

तोडगा कोणता?

यावर तीन मार्ग आहेत. पहिला सर्वांत सोपा : खणांची नावे रोमन लिपीत ठेवावीत आणि मराठी नाव त्या खणातील मजकूर म्हणून लिहावे. बहुतेक ठिकाणी हेच केले जाते.

दुसरा मार्ग अलीकडचा आहे. जावास्क्रिप्टच्या २०२२ च्या प्रमाण आवृत्तीने निर्यातीचे नाव अवतरण चिन्हांत, कोणत्याही लिपीत देण्याची सोय केली. त्यानुसार 'डेटाटूईएसएम'मध्ये 'इन्क्लूडआर्बिट्ररीनेम्स' हा पर्याय आला. तो चालू केला, की 'सोनिवली'चीही स्वतंत्र निर्यात होते. मात्र तो मुद्दाम चालू करावा लागतो.

तिसरा मार्ग प्लगइन लिहिणाऱ्यांसाठी. २०१८ पासून जावास्क्रिप्टमध्ये एखादे चिन्ह नावात चालते की नाही, हे युनिकोडच्या गुणधर्मावरून तपासता येते. त्याचा आधार घेऊन स्वतःचे फंक्शन लिहिता येते. पण तेथेही एक खाचखळगा आहे. 'कऱ्हाड'मधील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही शब्द सारखे दिसतात, संगणक मात्र त्यांना निराळे मानतो. 'नॉर्मलाइझपाथ' हे नाव ऐकून ते हा भेद मिटवेल, अशी समजूत होऊ शकते. ते केवळ पत्त्यातील रेघांकडे पाहते, अक्षरांकडे नाही.

सामाईक हत्यारांच्या पेटीचा हा दुहेरी स्वभाव याआधीही दिसला आहे. २०१६ च्या मार्चमध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचे अवघ्या अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी थबकली. २०२२ मध्ये वेबपॅकच्या 'लोडर-युटिल्स' या सहायक संचातील एका फंक्शनमध्ये सुरक्षेची त्रुटी नोंदवली गेली आणि तो वापरणाऱ्या सर्वांना नवी आवृत्ती घ्यावी लागली. सामाईक पेटीत एक दुरुस्ती झाली, की ती सर्वांना मिळते. एक गृहीतक शिरले, की तेही सर्वांकडे पोहोचते.

रोलअपचा हा संच मुक्त स्रोत असल्याने त्याची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते, तपासता येते आणि सुधारणा सुचवता येते. त्यासाठी परदेशातील मोठ्या कंपनीत नोकरी असावी लागत नाही. प्लगइन लिहिणाऱ्या मराठी तरुणांनी आपल्या चाचण्यांमध्ये एक सोनिवली, एक बदलापूर आणि एक अंबरनाथ घातले, तरी देवनागरी नावांचे बरेच घोटाळे पान वाचकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच उघडकीस येतील.